दाजींचा ढीग

आमच्या दाजींचं नाव मी सांगणार नाही. मेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला हाक मारली, आणि तो उठून येतो. आमचे दाजी तर जिवंतपणीसुद्धा हाकेची वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हते. कुणाच्या अंगणात डुक्कर भाजायला घेतलं की हे न बोलावता हजर. तेव्हा उगाच विषाची परीक्षा नको. माझ्या थोरल्या बहिणीचा, सलोमीताईचा नवरा, तो आमचा दाजी, एवढ्यावर भागवून घ्या.

ते आले कोंडूल बेटावरून. आमच्या लिटल निकोबारात लग्न झालं की बहुतेक वेळा नवराच बायकोच्या घरी राहायला येतो, त्यामुळे घरजावई म्हणून त्याला कुणी हिणवत नाही. पण हिणवलं नाही म्हणून खरं थोडंच लपतं. घर आमच्या मामाचं. माड आमच्या घराण्याचे, डुकरं आमच्या घराण्याची, पुढं दोन मुली झाल्या त्याही आमच्याच घराण्याच्या. दाजींनी बरोबर आणली होती एक होडी, मासे मारायचा एक भाला आणि एक आवाज. आवाज एवढा मोठा, की ते खाडीत कुणाशी बोलत असले तर आमच्या अंगणातल्या माणसाला उत्तर द्यावंसं वाटायचं.

जेवताना कुणी सहज म्हणे, "आपल्या माडांना यंदा नारळ बरे लागलेत," की दाजी मान वर करून बघायचे आणि परत खाली घालायचे. त्यांचं माझं नातं चेष्टेचं, त्यामुळे मी मुद्दाम म्हणायचो, "दाजी, आमच्या माडाचा नारळ आमच्या ताईनं फोडलाय, घ्या की." ते घ्यायचे, हसायचे, आणि वर म्हणायचे, "घेतो. तुमचं घर, तुमचा नारळ, दात तेवढे माझे." सगळे हसत. ताई हसत नसे.

आमची वाडी जिथं संपते आणि शेजारच्या यासानच्या घराण्याची सुरू होते, तिथं समुद्राच्या अंगाला जुनं रान आहे. लग्नाला फार दिवस झाले नसतील, तेव्हा दाजींना तिथं एक ढीगकोंबड्यांचं जोडपं दिसलं. हा पक्षी अंगानं गावठी कोंबडीएवढाच, रंगानं मातकट, तोंडावर लाल कातडं, आणि पाय मात्र दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे दांडगे. दोघं पाठमोरी उभी राहून पायांनी वाळू आणि पाचोळा मागे झाडत होती. एक दमलं की दुसरं. ढीग अजून गुडघ्याएवढाही नव्हता. दाजी बघत बसले ते भरती येऊन पायाला लागेपर्यंत.

घरी आल्यावर ते ताईला म्हणाले, "सलोमी, आपण आणि ती दोघं एकाच महिन्यात संसाराला लागलो बघ."

ताई म्हणाली, "ती घर बांधताहेत. तुम्ही माझ्या मामाच्या घरातून उठून त्यांना बघायला जाता, एवढाच काय तो फरक."

पण दाजी रोज जायला लागले. ढीगकोंबडी काही अंड्यावर बसत नाही. ती ढीग रचते, त्यात पाला कुजतो, कुजता कुजता आत ऊब धरते, आणि त्या उबेत ती खोल खड्डा करून एक अंडं घालते. वरून वाळू ओढते. मग काही दिवसांनी दुसरं. अंडी घालून झाली की सुटली, असंही नाही. नर आणि मादी दोघं येऊन ढीग उकरतात, आत डोकं घालून बघतात आणि परत भरतात. पाऊस फार झाला तर वरचा थर पसरवतात, ऊन तापलं तर वाळू वाढवतात. दाजीही त्यांच्या मागोमाग जायचे, खांद्यापर्यंत हात आत घालायचे आणि डोळे मिटून पडून राहायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "ताप बघतोय."

"घरात चूल थंड पडली," ताई म्हणायची, "आणि हे तिकडं उकिरड्याचा ताप बघताहेत."

एक दिवस दाजींनी ढिगाजवळच्या झाडाला माडाच्या झावळीची गाठ बांधली. ही गाठ आमच्यात सगळ्यांना कळते. गाठ बांधली म्हणजे वस्तूला मालक आहे, हात लावू नका. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "माझ्या ढिगात पहिलं अंडं पडलंय." आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या खांबांवरच्या घरातला माणूस शिडी उतरून विचारायला आला, कुणाच्या ढिगात.

तो माणूस यासान. अंगानं काटकुळा, बोलायला तिखट, आणि भुताखेतांना घाबरण्यात गावात पहिला. अंधार पडला की अंगणात जायलाही बायकोला सोबत बोलवायचा. पण उजेडात कुणाचं ऐकायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ती गाठ सोडून टाकली आणि दाजींची वाट बघत तिथंच बसला.

"ए कोंडूलवाल्या, गाठ कुणी बांधली ही?"

"मी."

"कुणाच्या जागेत?"

"जागा कुणाची असेल ती असो. ढीग माझा आहे."

"तू रचलास?"

"मी बघितला. पहिल्यांदा."

"मी रोज समुद्र बघतो," यासान म्हणाला. "उद्या म्हणेन माझा आहे."

ढीग मुळात आमच्या हद्दीत सुरू झाला, हे मी शपथेवर सांगेन. पण पक्ष्यांना कसली हद्द. एका वर्षी त्यांनी या अंगाचा पाला ओढला, पुढल्या वर्षी त्या अंगाचा. आणखी एक-दोन जोडपी तिथंच अंडी घालायला येऊ लागली. ढीग माणसाच्या छातीपर्यंत वाढला, घराएवढा पसरला, आणि त्याची एक कड हळूहळू यासानच्या वाडीत सरकली. मग यासान म्हणायला लागला, "ढीग माझाच. तुझ्याकडं जेवढा सांडलाय तेवढा भरून घेऊन जा."

ते भांडण आयुष्यभर चाललं. दाजी गाठ बांधायचे, यासान सोडायचा. यासान स्वतःची बांधायचा, दाजी ती सोडून त्याच झावळीनं आपली बांधायचे. यासान त्यांना अंडीचोर म्हणायचा, दाजी त्याला म्हणायचे, "चोर तो चोर आणि वर शिरजोर." माझं विचाराल तर दोघंही आयत्या बिळावर नागोबा. राबायचे ते पक्षी, आणि मिशीला तूप कुणी लावायचं यावरून यांची मारामारी. पण हे मी दाजींना बोललो तर ते दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत, आणि त्यांचं गप्प बसणं आवाजापेक्षा वाईट असायचं.

आमच्या गावचा मुखिया, त्याला आम्ही कॅप्टन म्हणतो, तो तेव्हा बर्नाबा होता. त्याच्या ओट्यावर या ढिगाचा न्याय किती वेळा बसला याला गणती नाही. एकदा दोघं सकाळपासून तिथं भांडत होते. बर्नाबानं माडी प्यायला घेतली, संपवली, दुसरी घेतली. तेवढ्यात यासानची बायको धावत आली, की ढिगावर घोरपड चढलीय. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ तो हा. दोघं तसेच धावले. घोरपड चांगली पुरुषभर लांब होती, निम्मी ढिगात शिरली होती. दाजींनी शेपटी धरली, यासाननं दाजींची कंबर धरली. घोरपड सुटून गेली ती गेलीच, पण दोघांनी मिळून ढीग परत भरला. खाली कुजका पाला, मध्ये माती, वर वाळू, पक्षी भरतात तसाच. एकही वाकडा शब्द नाही. काम झाल्यावर हात झटकून यासान म्हणाला, "माझ्या ढिगासाठी मदत केलीस, बरं झालं." आणि पुन्हा सुरू.

अंडी दाजीही काढायचे, नाही असं नाही. आमच्याकडं सगळेच काढतात. हे अंडं कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट, आणि आत बलकच बलक. पण त्यांची तऱ्हा वेगळी होती. ताजं अंडं गुलाबी असतं, दिवस गेले की पिवळट मातकट पडतं. दाजी फक्त गुलाबी काढायचे, तीही दोन-चार, आणि मातकट लागलं की हात असा मागे घ्यायचे, जसं झोपलेल्या पोराच्या अंगावर हात पडावा. घरी आणल्यावर पहिलं अंडं ताईला. ताई एवढी त्या ढिगाला शिव्या घालायची, पण अंडं खाताना शिव्या थांबायच्या, हेही मी बघितलंय.

एकदा त्यांनी मला पिल्लू निघताना दाखवलं. ढिगाची वाळू एका जागी हलली, खचली, आणि त्यातून पिल्लू वर आलं. अंगावर पूर्ण पिसं. त्यानं डोळ्यांतली वाळू झटकली, आमच्याकडं बघितलं आणि सरळ झाडीत पळून गेलं. आई नाही, बाप नाही, कुणी चालायला शिकवायला नाही. आईबाप तिथंच पलीकडं पाला उकरत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

"काय निर्दय जात आहे," मी म्हटलं.

"निर्दय?" दाजी म्हणाले. "अरे, त्याच्यासाठी दोन महिन्यांच्या वर ढीग राखला त्यांनी. आता अजून काय करायचं, हात धरून लग्नाला न्यायचं?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "मी कोंडूलहून आलो तेव्हा असाच आलो की. डोळ्यांतली वाळू झटकत."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस त्या उकिरड्यावर का जीव टाकतो. आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात, एवढ्या माडांत, त्यांच्या तोंडी 'माझा' हा शब्द एकाच वस्तूला लागायचा. त्यानंतर मी त्यांना नारळावरून चिडवणं बंद केलं.

मग एका वर्षी त्यांना खोकला लागला तो जाईना. बोटीनं कॅम्पबेल बेला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, ताईला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. परत येताना बोटीवर दाजी खलाशाला त्याच मोठ्या आवाजात सांगत होते, की डॉक्टर चांगला आहे, लगेच सोडलं. पण घरी आल्यावर ते चटईवर आडवे झाले ते पुन्हा ढिगाकडं गेले नाहीत.

आता आमची रीत सांगायला हवी. माणूस गेला की त्याची म्हणून जी जी वस्तू, ती मोडायची आणि त्याच्या कबरीवर ठेवायची. होडी फोडायची, भाला वाकवायचा, भांडी चेचायची. मोडली नाही तर त्याचा जीव त्या वस्तूत अडकून राहतो, त्याला पुढं जाता येत नाही, आणि मागच्यांना तो आजार लावतो. रविवारी आम्ही प्रार्थनेला बसतो ते बसतोच, पण ही रीत मोडायची छाती कुणाची नाही. दाजींना ती माझ्याइतकीच ठाऊक. ते पडल्या पडल्या आपल्या वस्तूंकडं बघायचे आणि चेष्टा करायचे. "होडीला फार घाव घालू नका, तशीही गळतेय. रेडिओ काय मोडणार? त्याचा जीव माझ्याआधी गेलाय."

एका सकाळी मी त्यांना केवड्याच्या फळाचा शिजवलेला गोळा भरवत होतो. उजाडताना ढीगकोंबड्या रानात ओरडतात, एक सुरू करते आणि दुसरी संपवते. तो आवाज आला आणि दाजी खाता खाता थांबले.

"योना, ढीग."

"काय झालं ढिगाला?"

"तो माझा आहे."

"आहेच. यासान सोडून नाही कोण म्हणतं?"

"अरे गाढवा," ते म्हणाले, "माझा आहे, म्हणून तर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हातातला गोळा हातातच राहिला. दिवस अंडी घालायचे होते. ढीग भरलेला होता. त्यात कालचं गुलाबी अंडं होतं आणि उद्या-परवा फुटायला आलेलं मातकटही होतं. दाजी गेले की गावची पोरं फावडी घेऊन जाणार आणि सगळा ढीग उपसून, पसरून, रानाशी सपाट करणार. कुणी वाईट म्हणून नाही. मानानं करणार.

दाजींनी कॅप्टनला आणि यासानला बोलावून घेतलं. दोघं येऊन चटईजवळ बसले.

"ढीग माझा नाही," दाजी म्हणाले.

बर्नाबानं कपाळावर हात मारला. "सगळं आयुष्य तू माझं डोकं खाल्लंस, माझा आहे, माझा आहे. आणि आता?"

"यासानचा आहे. यासान, घे. तुझा."

मला वाटलं यासान उडी मारेल. तो भिंतीला टेकून बसला होता, तो आणखी मागे सरकला. "मला नको."

"नको म्हणजे? कालपर्यंत तुझा होता ना?"

"कालपर्यंत तू ठणठणीत होतास. आता आजाऱ्याच्या हातचं घेऊ? आणि मी काय अमर आहे? उद्या मी मेलो की माझ्यासाठी फावडी येतील. तुझाच आहे तो. तूच पहिल्यांदा बघितलास."

"तूच म्हणालास, बघून काही होत नाही."

"म्हणालो असेन. मी काय वाट्टेल ते बोलतो."

जन्मभर एकमेकांच्या हातून जो ढीग ओढला, तो दोघं आता एकमेकांकडं ढकलत होते. दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसलो असतो. शेवटी बर्नाबा बोलला, आणि त्याचा आवाज मऊ होता. "हे बघ, भाऊ. आजारात सोडलेलं सुटत नाही. तसं सुटायला लागलं तर मरताना जो तो सगळं वाटून मोकळा होईल. धडधाकट असताना माणूस ज्याला माझं म्हणतो, ते त्याचं. तुझ्या तोंडून अख्ख्या गावानं ऐकलंय. कोंडूलपर्यंत गेलंय ते."

मी चिडून बर्नाबाशी भांडलो. म्हटलं, पक्ष्यांनी रचलेली वस्तू माणसाची कशी होते? तो म्हणाला, "मग इतकी वर्षं माझ्या ओट्यावर काय चाललं होतं, योना? तेव्हा का नाही बोललास?"  कॅप्टन आणि यासान गेल्यावर दाजींनी ताईला जवळ बोलावलं.

"सलोमी," ते म्हणाले, "मी एवढं ओरडायला नको होतं. हळू बोललो असतो तर कुणाला ऐकूच गेलं नसतं."

"तुम्ही आणि हळू," ताई म्हणाली, आणि त्यांचे पाय चेपत राहिली.

दाजी त्या आठवड्यातच गेले, दुपारी, ओहोटीच्या वेळी. कोंडूलहून त्यांचे लोक आले. त्यांत त्यांच्या बहिणीचा मुलगा फिलेमोन होता, मामासारखाच दांडगा आणि मामावर जीव असलेला. दुसऱ्या दिवशी सगळं गाव आमच्या अंगणात जमलं. दाजींना कापडात गुंडाळून ठेवलं होतं. डोक्याशी त्यांच्या वस्तू मांडल्या होत्या. फिलेमोननं कुऱ्हाडीनं होडी फोडली आणि फोडताना तो रडत होता. मग भाला वाकवला, रेडिओ दगडावर आपटला. बर्नाबानं रीतीप्रमाणं विचारलं, "याचं आणखी काही?"

आमच्या घरच्यांपैकी कुणी बोललं नाही. मी जमिनीकडं बघत होतो. मला वाटलं, निभावलं.

"ढीग," फिलेमोन म्हणाला. "मामा कोंडूलला यायचा तेव्हा दुसऱ्या कशाबद्दल बोलायचाच नाही. माझा ढीग, माझा ढीग. तुम्ही लोक तो मागे ठेवणार आणि माझ्या मामानं इथंच घुटमळत राहायचं? असं होणार नाही. मी स्वतः खणतो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मामाला कमी पडू नये एवढंच त्याच्या मनात. पोरं उठली, त्यांनी फावडी घेतली. ताई घराच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या तोंडावर मला काहीच वाचता येईना.

"थांबा," यासान म्हणाला.

तो गर्दीतून पुढं आला आणि दाजींच्या पायाशी उभा राहिला. "तो ढीग माझा आहे."

"यासान," बर्नाबा म्हणाला, "आज तरी नको."

"आजच सांगतो. ढीग पहिल्यापासून माझा. हा माणूस चोर होता. माझ्या ढिगातली अंडी त्यानं जन्मभर चोरली. चोराकडचा माल चोराचा म्हणून तुम्ही कसा मोडता?"

 जिवंत असताना एकमेकांना काय वाटेल ते म्हणावं, पण मढं समोर असताना त्याला चोर म्हणणं, हे आमच्याकडं कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. फिलेमोन कुऱ्हाड टाकून त्याच्या अंगावर धावला. त्याच्याआधी मी पोचलो आणि यासानची मान धरली. आणि धरली तेव्हा मला कळलं, की तो थरथरतोय.  अंधारात अंगणात जायला घाबरणारा हा माणूस मेलेल्याच्या पायाशी उभा राहून त्याला चोर म्हणत होता. त्या मेलेल्याचा जीव आता कुणाच्या मागे लागेल हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी तो मागे सरकत नव्हता. मी हात सोडला आणि फिलेमोनला कव घालून धरून ठेवलं.

बर्नाबानं यासानकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तो ताईकडं वळला. "सलोमी, घरच्यांचं काय म्हणणं? तू नाही म्हणालीस तर तुझ्या नवऱ्याचा शब्द खरा, आणि ढीग त्याचा. तू हो म्हणालीस तर ढीग यासानचा."

सगळे ताईकडं बघायला लागले. फिलेमोनही. तो वाट बघत होता, की मामी आता या काटकुळ्याच्या थोबाडीत मारेल. नाही एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नवऱ्याचा मान राहिला असता, वर त्या उकिरड्याची पीडाही टळली असती. आणि हो म्हणायचं म्हणजे, या गावात ज्या एका वस्तूला तो माणूस माझी म्हणाला, ती त्याच्या हातातून काढून घ्यायची, तो अजून मातीखाली गेलाही नव्हता तेव्हा.

ताईनं खांब सोडला.

"हो," ती म्हणाली. "चोर होते ते."

"कोंडूलच्या लोकांना ऐकू जाऊ दे," बर्नाबा म्हणाला.

"चोर होते," ताई मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा आम्ही कधी ऐकला नव्हता. "ढीग यासानभाऊजींचा. चोरून आणलेली अंडी मी शिजवलीत आणि खाल्लीत."

बर्नाबानं मान हलवली. "मालकानं सांगितलं, घरच्यांनी कबूल केलं. संपलं." पोरांनी फावडी खाली ठेवली. फिलेमोननं माझे हात झटकले. मामाला पुरण्यापुरता तो थांबला, पण आमच्या घरचं पाणीही प्यायला नाही, आणि जाताना ताईकडं बघितलं नाही. तो आमच्याकडं पुन्हा आलेला नाही. त्याला खरं कसं सांगणार? खरं सांगितलं तर फावडी परत काढावी लागतील. कबरीवर आम्ही होडीची फळकुटं रचली, वाकलेला भाला ठेवला, रेडिओ ठेवला. दाजींचं म्हणून जे निघालं ते एवढंच.

लोक पांगल्यावर, उन्हं उतरायच्या आत, यासान आमच्या घराच्या शिडीखाली येऊन बसला. वर यायला तो धजत नव्हता. ताई शिडीच्या वरच्या पायरीवर बसली. 

"वहिनी," यासान म्हणाला, "मी जे बोललो..."

"ते राहू द्या," ताई म्हणाली. "तुम्हीही काही आता तरणे नाही. उद्या तुम्ही मेलात की ढिगाचं काय?"

यासान विचारात पडला. दाजींच्या चटईपाशी हे तोच म्हणाला होता, पण त्यावरचा उपाय त्याला सुचला नव्हता.

"तेव्हा तू उभी राहा," शेवटी तो म्हणाला, "आणि सांग, की मी चोर होतो."

"सांगेन की," ताई म्हणाली. "त्यात खोटं काय आहे?" आणि दिवसभर डोळ्यांत टिपूस न आणलेली आमची ताई तिथंच शिडीवर रडायला लागली, ती काही केल्या थांबेना.